साथीची भीती, सरकारी परिपत्रके आणि आपण

(चारबाग, लखनऊ येथे भरलेल्या रेल्वे व टपाल कामगार मेळाव्यातील मराठी प्रतिनिधींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला आज फ्लूच्या साथीवर बोलायला सांगितले आहे. सुरुवातीलाच कबूल करतो की आम्ही डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो आणि रेल्वेत लागलो, त्यामुळे औषधपाण्याचे शास्त्र आम्ही सांगू नये. पण साथ आली की माणसे कशी घाबरतात, वरून परिपत्रके कशी सुटतात आणि त्या परिपत्रकांखाली शेवटी कोण भरडला जातो, हे आम्ही नोकरीत आणि युनियनच्या कामात पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने चार गोष्टी बोलतो.

काल संध्याकाळी आपण सर्वजण चारबाग स्टेशन बघून आलो. घुमट, कमानी, समोरची बाग बघून मन प्रसन्न झाले. १९१६ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी गांधीजी आणि पंडित नेहरू यांची पहिली भेट याच लखनऊत झाली. पण आम्हाला दुसरीच गोष्ट आठवत होती. या इमारतीचा पाया मार्च १९१४ मध्ये घातला आणि ती पुरी व्हायला १९२३ साल उजाडले. म्हणजे १९१८ साली, जेव्हा फ्लूने हिंदुस्थानात हाहाकार केला, तेव्हा इथे बांधकाम चालू होते. आणि तो फ्लू इथवर आला कसा, तर बंधूंनो, आपल्या मुंबईहून आणि आपल्याच रेल्वेने आला.

मुंबईचा ताप

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. ताप मलेरियाचा नव्हता. मग गोदी कामगार, गिरणी कामगार, कचेऱ्यांतले कारकून असे करीत सगळे शहर अंथरुणाला खिळले. मुंबईचे तेव्हाचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांचे म्हणणे होते की मे महिन्याच्या अखेरीस बंदरात लागलेल्या जहाजातून हा रोग आला. सरकारचे म्हणणे उलट होते, की जहाजावरच्या लोकांनाच मुंबई शहरात रोग लागला. माणसे खोकत होती आणि वरच्या पातळीवर वाद चालला होता तो खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचे याचा.

सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि ती जीवघेणी ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबईत ७६८ माणसे दगावली. त्या साली पावसाने दगा दिला होता, महायुद्धामुळे धान्य महाग झाले होते, बरेच डॉक्टर लष्करात गेले होते. देशभरात किती मेले याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सव्वा कोटीच्या खाली सहसा कोणी येत नाही आणि काही अंदाज पावणेदोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

सरकारच्याच आरोग्य आयुक्ताने अहवालात लिहून ठेवले की साथ पसरवण्यात रेल्वेचा मोठा वाटा होता आणि ते अटळच होते. त्यात रेल्वे कामगाराचा दोष नव्हता. जो माणूस गाडी चालवतो, तिकीट तपासतो, टपालाच्या थैल्या उचलतो, त्याच्यापर्यंत रोग आधी पोहोचतो आणि त्याच्या घरात सगळ्यात आधी शिरतो. आपली नोकरीच तशी आहे.

मुंबईतल्या मृत्यूंचा समाजवार हिशेब तेव्हा झाला होता. दर हजारी युरोपियन लोक मेले सुमारे ८, पारशी ९, सवर्ण हिंदू आणि मुसलमान १९ च्या आसपास, आणि ज्यांना सरकार तेव्हा खालच्या जातीचे हिंदू म्हणत होते ते मेले ६१ हून जास्त. जंतू एकच आणि शहरही एकच, मग मरण सात-आठ पटीने का? जंतू जात विचारीत नाही. पण दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे झोपतात का, आजारात दोन दिवस घरी बसले तर चूल पेटते का, डॉक्टर त्या गल्लीत पाऊल टाकतो का, या प्रश्नांची उत्तरे जात आणि मजुरी पाहूनच ठरत होती.

इथून जवळच रायबरेली जिल्ह्यात गंगेकाठी डलमऊ नावाचे गाव आहे. हिंदीचे मोठे कवी निराला यांची सासुरवाडी तिथली. ते तेव्हा बंगालात होते. पत्नी फार आजारी असल्याची तार मिळाली आणि ते निघाले. पोहोचेपर्यंत पत्नी गेली होती. घरातली आणखीही माणसे त्या साथीत गेली. गंगा प्रेतांनी भरलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि पुढे लिहूनही ठेवली. टपाल खात्यातल्या बंधूंना आम्ही मुद्दाम सांगतो. अशा किती तारा त्या दिवसांत कुणी तरी टिपून घेतल्या असतील, वाटल्या असतील, आणि तसा वाटणारा स्वतःही तापात असेल. त्याचे नाव कोणत्याही अहवालात नाही.

कायदा कुणाचे रक्षण करतो?

लोक सरकारला का घाबरतात हे समजायला आणखी थोडे मागे जावे लागते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. लगेच ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते हुकूम काढण्याची मुभा, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि शेवटच्या कलमात अधिकाऱ्याला संरक्षण, की त्याने सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा चालणार नाही. सरकारने लोकांसाठी काय करायचे, यावर एक ओळ नाही. आजारी माणसाला औषध कोण देणार, घर रिकामे करवले तर त्याने जायचे कुठे, मजुरी बुडाली तर भरून कोण देणार, याचा पत्ता नाही.

मग पुण्यात गोरे सोल्जर घराघरांत शिरले. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना उभे करून तपासले, बायाबापड्यांचीही विटंबना झाली. लोक रोग्याला लपवू लागले, कारण प्लेगपेक्षा तपासणीची दहशत मोठी झाली. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. पण त्याच प्लेगने आपले कोण नेले हे शाळेत फारसे शिकवत नाहीत. गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने गेले. महिनाभराने, १० मार्चला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. कामगार चळवळीचा पहिला पुढारी साथीत गेला, हे आपल्यापैकी प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

हाच १८९७ चा कायदा २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी पुण्यात काढला आणि २०२० मध्ये देशभर काढला. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन डॉक्टर, नर्सेस यांच्यावर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली. ती योग्यच होती. पण लोकांचे देणे काय, हा रकाना तेव्हाही कोराच राहिला.

रुमाल काढा, रुमाल बांधा

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात स्वाइन फ्लूने एक शाळकरी मुलगी गेली. देशातला तो पहिला मृत्यू. दोन दिवसांत पुण्याचा चेहरा बदलला. नायडू हॉस्पिटलपुढे रांगा लागल्या, शाळा-कॉलेजे, सिनेमागृहे बंद झाली, दहीहंडी बेताने झाली, गणपतीत गर्दी करू नका म्हणून आवाहने निघाली. मास्क मिळेना, मिळाला तर दामदुप्पट. वरून सारखे सांगणे एकच, घाबरू नका.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. स्टेशनचे नाव घेत नाही. आमचा एक बुकिंग क्लार्क तोंडाला रुमाल बांधून खिडकीवर बसला. दिवसाला हजारभर माणसे त्याच्या तोंडासमोर येऊन बोलणार, त्याने दुसरे काय करावे? साहेब राउंडला आले आणि म्हणाले, रुमाल काढा, पब्लिक घाबरते. त्याने काढला. चौथ्या दिवशी त्याच कचेरीतून कागद आला, की काउंटरवरच्या प्रत्येकाने मास्क बांधलाच पाहिजे, नाही तर कारवाई. मास्क मात्र आले नाहीत. तो आम्हाला म्हणाला, "दादा, सोमवारी बांधला म्हणून बोलणी खाल्ली, शुक्रवारी नाही म्हणून खाल्ली. मग मी करू काय?"

बंधूंनो, सरकारी प्रतिसाद बहुतेक वेळा असाच असतो. आधी गोष्ट दडपायची, मग एकदम फतवा काढायचा. मधल्या चार दिवसांत लोक वाऱ्यावर. त्याच चार दिवसांत अफवा जन्माला येते. जिथे खरी बातमी वेळेवर पोहोचत नाही तिथे खोटी पोहोचते. लोक अडाणी म्हणून घाबरतात हे आम्हाला मान्य नाही. लोक घाबरतात, कारण आपल्याला पुरते सांगितले जात नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

मालगाड्या चालू आहेत हे कुणी सांगितले नाही

कोरोना हा फ्लू नव्हे, रोग वेगळा. पण भीती आणि हुकूम यांची जात तीच, म्हणून २०२० बद्दल बोललेच पाहिजे. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या, असे देशाच्या इतिहासात कधी घडले नव्हते. २१ दिवसांची टाळेबंदी १४ एप्रिलला संपणार म्हणून पुढच्या तारखांची लाखो तिकिटे विकली गेली होती. १४ तारखेला टाळेबंदी वाढली आणि त्याच दिवशी वांद्रे स्टेशनबाहेर हजारोंचा जमाव जमला, गाड्या सुटणार म्हणून. सगळे म्हणाले अफवा. अफवा होतीच. पण ज्याच्या हातात पुढच्या तारखेचे तिकीट आहे, खिशात पैसे नाहीत आणि खोलीत दहा माणसे आहेत, त्याने त्या अफवेवर विश्वास ठेवला तर नवल काय?

मग श्रमिक गाड्या सुरू झाल्या. २ मे २०२० रोजी नाशिक रोडहून सुटलेली गाडी आठशेहून अधिक मजुरांना घेऊन ३ मे रोजी याच चारबागवर आली. महाराष्ट्राचे आणि लखनऊचे नाते सांगायला आम्हाला याहून दुसरी खूण नको. ती गाडी ज्यांनी चालवली, ज्यांनी सिग्नल दिला, ज्यांनी चारबागच्या फलाटावर उतरवून घेतले, ते सगळे आपल्यातलेच होते. ऑगस्टअखेरपर्यंत अशा ४,६२१ गाड्यांनी ६३ लाखांवर माणसे घरी पोहोचवली. भाडे कुणी द्यायचे यावर मात्र महिनाभर वाद चालला आणि २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मजुराकडून भाडे घेऊ नका.

आणि ८ मे. जालन्याहून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. गाडी मिळेल या आशेने निघाले होते. पहाटे मालगाडी आली आणि १६ जण गेले. लोको पायलटने थांबवण्याचा प्रयत्न केला, पण मालगाडी ती. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली.

गाड्या बंद आहेत, हे देशातल्या पोराटोरांनाही माहीत होते. मालगाड्या आणि पार्सल गाड्या चालू आहेत, हे कुणाला माहीत होते? आपल्याला, रेल्वेवाल्यांना. गेटमनला, ट्रॅकमनला, स्टेशन मास्तरला माहीत होते. जे रुळांवरून चालत होते त्यांना ते ठासून कुणी सांगितले नाही. सरकारने सांगायला हवे होते, हे खरेच. पण आम्ही स्वतःला विचारतो, युनियन म्हणून आम्ही वाटेवरच्या गावांत, प्रत्येक फाटकावर चार पाट्या का लावल्या नाहीत? सुचले नाही, हे खरे उत्तर आहे, आणि ते उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही.

आपलीही झाडाझडती

दुसरी चूकही कबूल करतो. त्याच दिवसांत पार्सल गाडी घेऊन गेलेला आमचा एक गार्ड चार दिवसांनी कॉलनीत परतला. कॉलनीतल्या लोकांनी त्याला गेटवर अडवले. शिव्या दिल्या नाहीत, मारले नाही, फक्त म्हणाले की तुम्ही रनिंग रूमलाच राहा. आम्ही तिथे हजर होतो. आम्ही सेक्रेटरी. आम्ही गप्प राहिलो, कारण आमच्याही घरात म्हातारी आई होती. तो माणूस काही न बोलता पेटी उचलून गेला. दहा दिवस तो रनिंग रूमला राहिला. ताप वगैरे त्याला काही आला नाही. आजही भेटला की तो हसून बोलतो, पण आमची मान खाली जाते. प्रशासनाला जाब विचारताना भीतीने आपल्यालाही कसे गिळले होते, हे विसरता कामा नये.

आता हिशेबाचे. मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी जाहीर केले की तोपर्यंत १,९५२ रेल्वे कर्मचारी कोरोनाने गेले आणि लाखभर बाधित झाले. आपण मागणी केली, की आरोग्य कर्मचाऱ्यांप्रमाणे आम्हालाही आघाडीचे कामगार धरा आणि ५० लाखांची भरपाई द्या. टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकांसह सगळ्यांसाठी एप्रिल २०२० मध्ये १० लाखांची भरपाई जाहीर झाली होती. एकाच सरकारच्या दोन खात्यांत मरणाचे दर वेगळे. आणि महागाई भत्त्याचे १८ महिन्यांचे तीन हप्ते गोठवले गेले, त्यातून सरकारने ३४ हजार कोटींवर रक्कम वाचवली. जे गाड्या चालवत होते, घरोघरी औषधे आणि पेन्शनचे पैसे पोहोचवत होते, त्यांच्याच खिशातून.

आणि त्या १,९५२ मध्ये डबे धुणारा कंत्राटी कामगार होता का? पार्सल चढवणारा हमाल? पाणी भरणारा पोरगा? त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात होते, हे विचारणे आपले काम आहे. १९१८ साली मुंबईतल्या ६१ जणांची निदान मोजणी तरी झाली होती.

पुढच्या साथीआधी

स्वाइन फ्लूचा तो विषाणू २००९ नंतर गेला नाही, दर हंगामात येतो. २०१५ साली देशात त्याने सुमारे तीन हजार बळी घेतले. म्हणजे पुढची साथ येईल का हा प्रश्नच नाही, कधी येईल एवढेच ठरायचे आहे. तेव्हा प्रत्येक शाखेने पीएनएमच्या अजेंड्यावर आत्ताच, साथ नसताना, हे मुद्दे घालावेत असे आम्ही सुचवतो.

पहिला, माहिती. साथीची खबर असेल त्याच दिवशी स्टेशन, लॉबी, सॉर्टिंग ऑफिस आणि पोस्टाच्या बोर्डावर मराठीत आणि हिंदीत लागली पाहिजे. त्यावर एका जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि फोन पाहिजे.

दुसरा, रजा. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते असे डॉक्टर सांगतात. आणि आपल्याकडे माणूस सिकमध्ये जायला कचरतो, कारण बाहेरचे सर्टिफिकेट चालत नाही, रेल्वे हॉस्पिटल ४० किलोमीटरवर, आणि साहेबाला वाटते हा ड्युटी चुकवतो. ते दोन दिवस इथेच जातात. साथीच्या काळात तापाच्या माणसाला तीन दिवस विनाचौकशी पगारी रजा, एवढा एक नियम झाला तरी जीव वाचतील, आणि त्याच्या खिडकीवर येणाऱ्या उतारूंचेही वाचतील.

तिसरा, कंत्राटी कामगार. मास्क, लस, रजा, भरपाई, या चारही गोष्टींत तो आपल्या यादीत पाहिजे. जंतूला कायम आणि कंत्राटी हा फरक कळत नाही.

चौथा, मोजणी आणि भरपाई. कोणत्या ग्रेडचे किती गेले, हे दर महिन्याला जाहीर व्हावे आणि भरपाईची रक्कम रेल्वे व टपाल दोघांना सारखी, आधीच ठरलेली असावी. माणूस गेल्यावर त्याच्या बायकोने अर्ज घेऊन फिरू नये.

पाचवा मुद्दा प्रशासनाकडे मागायचा नाही, आपण करायचा आहे. प्रत्येक कॉलनीत पाच जणांची समिती. फोनवर येणारा प्रत्येक निरोप आधी त्या समितीने डॉक्टरला विचारून खरा-खोटा करावा, मगच पुढे जावा. आजाऱ्याच्या घरी डबा आणि औषध पोहोचवावे. ड्युटीवरून परतणाऱ्याला गेटवर अडवले जाणार नाही याची हमी घ्यावी.

हे काही नवीन नाही. १९१८ साली मुंबईत सरकार अपुरे पडले तेव्हा सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक वस्त्यांतून औषध घेऊन फिरले. ती लीग उभी करणारे ना. म. जोशी दोनच वर्षांनी, १९२० मध्ये, आयटकच्या स्थापनेत पुढे होते. मधल्या जानेवारी १९१९ मध्ये महागाईने आणि आजाराने पिचलेल्या मुंबईच्या लाखावर गिरणी कामगारांनी संप केला होता. आणि १९२४ साली रेल्वे कामगारांचे अखिल भारतीय फेडरेशन उभे राहिले. आपली चळवळ त्या साथीच्या पाठोपाठच उभी राहिली आहे. घरोघर औषध नेणारे हात आणि मोर्चात झेंडा धरणारे हात वेगळे नव्हते.

बंधू-भगिनींनो, आज रात्री आपल्यापैकी बरेच जण चारबागवरून परतीची गाडी पकडतील. फलाटावर उभे राहाल तेव्हा ३ मे २०२० ची ती नाशिकची गाडी आठवा, आणि करमाडला न पोहोचलेली गाडीही आठवा. घरी गेल्यावर पहिल्याच शाखा बैठकीत हे पाच मुद्दे वाचून दाखवा आणि पाचवा त्याच दिवशी सुरू करा. त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.



कामगार एकजुटीचा विजय असो!